एकशे बाराव्या भागानंतर

एजवेअर,
१४ जानेवारी २०२५

चि. रचनास,

जयभीम. तुझं जाड पाकीट पोचलं. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा मला वाटलं कौन्सिलचं काही आलं. उघडलं तर चिनी गोष्ट, तू मराठीत उतरवलेली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजीला नाती फळं पाठवतात, माझी नात चीनमधली सासू पाठवते.

अक्षर मोठं काढलंस ते बरं केलंस. चौथी शिकलेल्या बाईला पुरतं. आणि फोन करत जाऊ नकोस. कानातलं मशीन शिट्टी मारतं आणि तुझा बाप बाजूला उभा राहून तुझं बोलणं ओरडून सांगतो, तेही अर्धं. पत्रात माझं मला कळतं.

आता गोष्टीचं. शूफेन ही सून. नवरा गुओचांग. दोघांचं वाफवलेल्या पावांचं दुकान. नवरा गिऱ्हाइकांशी दिवसभर तोंड वाजवतो आणि आईसमोर मांजर होतो. सासू खुर्चीत बसून हुकूम सोडते. आणि ऐंशीव्या भागाच्या शेवटी सासू जिन्यावरून पडते. बरोबर ना?

तू लिहिलंस की लिहिणारी बाई रोज एक भाग फोनवर टाकते, वाचणारे ओळीओळीखाली आपलं मत लिहितात, आणि ते बघून ती उद्याचं ठरवते. मला आधी वाटलं तू थापा मारतेस. ही कुठली पद्धत? भाजी चुलीवर आहे आणि गल्लीतली प्रत्येक बाई येऊन आपल्या मनाने मीठ टाकून जाते.

पण तिथे मीठ टाकताच येत असेल तर माझंही टाक. माझा शेरा असा: सासूला मारू नका. सासू मेली की भांडण मेलं. मग काय दोघं नुसते पाव वाफवणार आणि आम्ही बघणार? तिला लंगडी करा. लंगडी बाई जास्त बोलते, हे मी सध्या स्वतःवरून सांगते.

बुधवारच्या जेवणाच्या क्लबात मालविका मोठ्याने वाचून दाखवते. पुण्याची, शाळेत शिकवायची. शुद्धलेखन चुकलेलं असलं की वाचता वाचता थांबते. तुझ्या पत्रात सात वेळा थांबली.

प्रणयला जयभीम सांग. नातजावई म्हणून चार शब्द लिहायला त्याचा हात दुखत नसेल.

तुझी आजी,
चंदाबाई


बेसिंगस्टोक,
२६ जानेवारी २०२५

प्रिय आजी,

जयभीम. आधी न्यूज. सासू वाचली.

तुझा शेरा मी चिनीत करून ऐंशीव्या भागाखाली टाकला. तुझं नाव ठेवलं 'इंग्लंडची आजी'. चारशे अकरा लोकांनी त्याला अंगठा दिला. आणि आजी, खुद्द लेखिकेने उत्तर दिलं. तिचं खरं नाव कोणाला माहीत नाही, 'निळी किटली' या नावाने लिहिते. म्हणाली, सासूच्या मरणाचे तीन भाग लिहून तयार होते, आजींचं वाचलं आणि फेकून दिले. आता सासूचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे आणि ती माजघरात झोपून काठीने भिंत बडवते. सोबत सोळा भाग पाठवते आहे, मज्जा येईल.

पण सगळे वाचक तुझ्यासारखे नाहीत. त्यांच्यात दोन पार्ट्या आहेत. एकीचं म्हणणं, शूफेनने दुकान सोडून त्या सोयाबीनवाल्या देखण्या माणसाबरोबर जावं. दुसरीचं म्हणणं, गुओचांगला सुधारावं. रोज भांडतात. एखादा दिवस भाग टाकला नाही की शेकडो लोक एकच शब्द लिहितात, 'लवकर'. फारच दुःखी भाग आला तर लेखिकेला दाढीची ब्लेडं पाठवू म्हणतात. गमतीने, पण म्हणतात. बिचारी सोमवारी सोयाबीनवाल्याला आणते, मंगळवारी त्याला गावाला पाठवते.

प्रणय बरा आहे. कामात असतो.

पाय हलवत राहा. फिजिओने सांगितलेलं तू करत नाहीस हे बाबांकडून कळलं.

तुझी,
रचना


एजवेअर,
५ फेब्रुवारी २०२५

चि. रचनास,

जयभीम. सोळा भाग दोन बुधवारांत संपवले. सासू काठीने भिंत बडवते तिथे मालविका इतकी हसली की तिचा चहा सांडला. हसणं दाखवायला नको म्हणून मग खोकली.

चारशे अकरा लोक काय देतात, अंगठा? आमच्या वेळी सही येत नसेल त्याने अंगठा द्यायचा. असो. मी क्लबात सांगितलं. तिथे क्वोकबाई म्हणून एक हाँगकाँगची आहे, तीन वर्षांपूर्वी मुलाबरोबर आली, कोणाशी बोलत नाही. चिनी गोष्ट म्हटल्यावर तिने पहिल्यांदा मान वर केली.

मला त्या किटलीची काळजी वाटते. सोमवारी एकाचं ऐकायचं, मंगळवारी दुसऱ्याचं, अशाने बाई वेडी होईल. तिला माझा शेरा टाक: ब्लेड पाठवणाऱ्यांना सांग, आधी स्वतःची दाढी करा.

तुझ्या पत्रात प्रणयवर पाच शब्द आहेत. सोयाबीनवाल्यावर अठरा. मी मोजत नव्हते, मालविकाने मोजले.

आजी


नॉटिंगहॅम,
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय आजी,

जयभीम. ऑफिसच्या कामासाठी थोडे दिवस नॉटिंगहॅमला आहे, आश्लेषाकडे. माझी कॉलेजची मैत्रीण, लग्नात तुला साडीच्या निऱ्या करून देत होती ती. उत्तर तिच्याच पत्त्यावर पाठव, मागे लिहिला आहे.

एकशे बारापर्यंतचे भाग मागच्या आठवड्यात वेगळे पाठवले, मिळाले असतील. सोबत एकशे तेरा ते एकशे वीस. यात गोष्ट एकदम वळली आहे. गुओचांग शूफेनशी बोलायचा थांबला. भांडण काही मोठं नव्हतं. मित्रांसमोर तो एक गोष्ट चुकीची सांगत होता, तिने ती दुरुस्त केली. त्या दिवसापासून एक शब्द नाही. ओरडत नाही, हात उचलत नाही. तिने काही विचारलं तर खोलीत कोणी नाही असं बघतो. बावीस दिवस झाल्यावर ती मैत्रिणीच्या गावी निघून गेली. आता तिथे बसून विचार करते आहे की परत जावं का.

वाचकांत दोन मतं आहेत. तुझं काय मत? मला लवकर कळव. लेखिका थांबली आहे.

तुझी,
रचना


एजवेअर,
२६ फेब्रुवारी २०२५

चि. रचनास,

जयभीम. लेखिका थांबली आहे म्हणतेस म्हणून पत्राला उद्या पोचणारं फर्स्ट क्लासचं तिकीट लावते. बुधवारची वाटही पाहिली नसती, पण योगायोगाने आज बुधवारच आहे.

हा गुओचांग मुका काहून झाला? शंभर भाग तोंडाला कुलूप नव्हतं. कोणीतरी शेरा मारला असणार की नवरा फार बडबडतो, आणि त्या किटलीने ऐकलं. हेच मी म्हणत होते. दहा जणांचं ऐकून माणूस लिहिला की तो माणूस राहत नाही.

पण विचारलंस तर सांगते. मारत नाही. पीत नाही. बाहेर बाई नाही. बोलत नाही म्हणून कोणी घर सोडतं का? माझ्या घरी तुझा आजोबा चार दिवस गप्प बसला असता तर मी भाऊबंदांत पेढे वाटले असते. शेरा लिही: शूफेनने मुकाट्याने घरी जावं, दुकान उघडावं, आपलं काम करावं. भूक लागली की पुरुष आपोआप बोलतो.

मालविकाचं म्हणणं उलटं आहे. ती म्हणते, जाऊ नये. तिचा शेरा टाकू नकोस. तिने स्वतःच्या नवऱ्याला तीस वर्षं बोलू दिलं नाही, तिला यातलं काय कळतं.

आजी


बेसिंगस्टोक,
२९ मार्च २०२५

प्रिय आजी,

जयभीम. उशीर झाला, सॉरी. काम होतं.

तुझा शेरा पोचला. शूफेन घरी गेली. सोबत एकशे एकवीस ते एकशे सव्वीस. भाग छोटे आहेत. फार काही घडत नाही त्यांत.

गुडघा कसा आहे?

रचना


एजवेअर,
९ एप्रिल २०२५

रचना,

तुझ्या पाकिटातले सहा भाग मी मालविकाला दिले नाहीत. माझे मी वाचले, बोट ठेवून, दोनदा. मग तिसऱ्यांदा.

पहिली गोष्ट. जिच्यासाठी मी चीनपर्यंत भांडले ती सासू कुठे आहे? एकशे तेरापासून चौदा भाग झाले, ती बाई भिंत बडवत नाही, खोकत नाही, जेवायलाही मागत नाही. प्लॅस्टर लावलेली बाई गेली कुठे चालत?

दुसरी गोष्ट. एकशे चोविसाव्या भागात शूफेन धिरडी करते. अर्धा कांदा काट्याला टोचते, तेलात बुडवते आणि तव्यावर फिरवते. रचना, तू सहा वर्षांची असताना नागपूरला मी तुला ओट्याजवळ स्टुलावर उभी करून हे शिकवलं. तू बोट भाजून घेतलंस. वाफेच्या पावांच्या दुकानात तवा कुठून आला?

मी आज क्लबात क्वोकबाईसमोर तुझा पहिला कागद ठेवला. त्यावर तू गोष्टीचं नाव चिनीत लिहिलं होतंस. तिने फोनवर शोधलं. ती मालविकाला इंग्रजीत सांगे, मालविका मला. मालविकाला खरं काय ते मी सांगितलं नाही, पण तिचा चेहरा बघून वाटतं तिला कळलं असावं. पुण्याची असली तरी बाई वाईट नाही.

गोष्ट एकशे बाराव्या भागाला थांबली आहे. बारा फेब्रुवारीला. चिनी लोक अशा अर्ध्या सोडलेल्या गोष्टीला खड्डा म्हणतात. वाचणारे खड्ड्यात पडून वर बघत राहतात म्हणून. किटलीने शेवटी चार ओळी लिहिल्या आहेत. क्वोकबाईने त्या हळूहळू वाचल्या. 'शूफेनने कुठे जावं ते तुम्ही सगळ्यांनी मला सांगितलं. रोज सांगितलं. आता ती स्वतः काही बोलली तरी मला ऐकू येत नाही. ती बोलेपर्यंत मी थांबते.' त्याखाली अजून लोक लिहितात, लवकर, लवकर. माझा दाढीचा शेराही तिथेच आहे. क्वोकबाई तो वाचून हसली. तो तू जसाच्या तसा टाकलास, त्याबद्दल तुला काही म्हणायचं नाही.

पण शूफेनने घरी जावं, हा शेरा तिथे कुठेच नाही. तिने वरपासून खालपर्यंत दोनदा बघितलं.

तो शेरा मी कोणाला दिला, रचना? तू त्या वेळी नॉटिंगहॅमला कोणत्या ऑफिसच्या कामाला गेली होतीस?

तुझ्या घरात गप्प कोण आहे?

आजी


बेसिंगस्टोक,
१४ एप्रिल २०२५

आजी,

प्रणय.

सप्टेंबरपासून. त्याचे मित्र जेवायला आले होते. तो त्यांना चिनी गाड्यांबद्दल सांगत होता, कंपनीचं नाव चुकीचं म्हणत होता. मी हसत हसत बरोबर उच्चार सांगितला. मला वाटलं, माझा विषय आहे, सगळे हसतील. सगळे हसले. तो अठरा दिवस बोलला नाही. मग एक दिवस काहीच झालं नाही असं बोलायला लागला, मला इतका आनंद झाला की कारण विचारायचीही भीती वाटली. मग पुन्हा. आता मी काय केल्याने सुरू होतं तेच कळत नाही. फ्रिजवर पिवळी चिठ्ठी असते, 'बिन'. म्हणजे कचऱ्याचा डबा बाहेर ठेव. या महिन्यात त्याने मला लिहिलेलं तेवढंच.

कोणी घरी आलं की तो सुंदर बोलतो. मला 'रचू' म्हणतो. दार लागलं की नळ बंद.

भूक लागली की बोलेल म्हणालीस ना? तो स्वतःपुरतं ऑर्डर करतो.

मी शॉवरखाली उभी राहून मोठ्याने बोलते, आवाज अजून येतो का ते बघायला. कधी कधी येत नाही.

बाबांना सांगू शकले नाही. स्थळ त्यांनी आणलेलं. समाजात किती कौतुकाने सांगत होते, मुलगा शिकलेला, दारू नाही, काही नाही. सगळं खरं आहे. लोकांना काय सांगायचं, की नवरा बोलत नाही? किटलीने लिहिणं थांबवलं तेव्हा मला वाटलं, शूफेन मोकळीच आहे, तिला माझं सांगायला लावू. आणि तुझा शेरा नेहमी बरोबर असतो. तू म्हणालीस म्हणून मी गेले. तुझ्यावर रागावले नाही, खरंच. तुला माहीतच नव्हतं.

आता माहीत आहे. तर आता सांग. पुढच्या भागात मी काय करू?

रचना


एजवेअर,
१७ एप्रिल २०२५

रचना,

माझी चूक झाली. एकदा लिहिते, पुन्हा लिहायला लावू नकोस.

तुझा आजोबा ओरडायचा. अख्खी गल्ली ऐकायची. मीही ओरडायचे, माझंही गल्ली ऐकायची. ओरडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. गप्प बसणाऱ्याला काय देणार? हे मला ठाऊक नव्हतं. जे ठाऊक नाही त्यावर मी शेरा मारला, कारण फर्स्ट क्लासचं तिकीट घरात होतं आणि माझं मत नेहमी तयार असतं.

आता विचारतेस पुढच्या भागात काय करू. सांगणार नाही.

जीभ वळवळते आहे. दोन पत्रं लिहून फाडली. एकात मी प्रणयला असं काही म्हटलं होतं की पोस्टमनने परत आणून दिलं असतं. पण त्या किटलीचं काय झालं ते मी बघितलं. चांगली बाई होती, सासूला वाचवलं तिने माझ्यासाठी. सगळ्यांचं ऐकता ऐकता तिला स्वतःच्या माणसाचं ऐकू येईनासं झालं. तुझं तसं व्हायला मी हातभार लावला, आता पुरे. एक नवरा तुझ्याशी बोलत नाही म्हणून चारशे लोकांनी तुझ्यावतीने बोलायचं असं नसतं. एका आजीनेही नाही.

फक्त जे आहे ते सांगते. वरची छोटी खोली रिकामी आहे, तिथे इस्त्रीचं टेबल आहे ते हलवता येतं. तुझ्या बापाला मी काही सांगितलेलं नाही. तू म्हणशील तेव्हा सांगेन. तो आधी स्वतःवर रागावेल, मग तुझ्यावर, मग जेवेल. आणि फोन आला तर मी घेईन. मशीनला शिट्टी मारायची तेवढी मारू दे.

किटलीला माझ्या नावाने लिही: बाई, दम घे. इथे कोणाला घाई नाही.

आजी


नॉटिंगहॅम,
४ मे २०२५

प्रिय आजी,

जयभीम. हा भाग मीच लिहिला. कोणाला न विचारता.

गेल्या शनिवारी प्रणय नाश्ता करत होता. मी समोर बसले आणि सांगितलं की मी जाते आहे, आणि का जाते आहे तेही. सगळं, सप्टेंबरपासून. आवाज फाटला, पण आला. त्याने टोस्ट संपवला. फोन उचलून बघितला. मी त्याच्या उत्तराची वाट बघत बसले, माझा चहा पूर्ण गार होईपर्यंत. मग बॅग उचलली. मी दारात असताना तो म्हणाला, 'बिन ठेवून जा.' मी नाही ठेवला.

आश्लेषाच्या रस्त्यावरच एक खोली घेतली आहे. खिडकीतून हॉस्पिटलची मागची बाजू दिसते. ऑफिसने घरून काम करायला हो म्हटलं. बाबांना मी स्वतः फोन केला. तू म्हणालीस त्याच क्रमाने झालं, फक्त जेवले की नाही ते माहीत नाही.

एजवेअरला येत नाही, आजी. राग मानू नकोस. तिथे आले तर दुसऱ्या दिवसापासून तू माझ्यासाठी सगळं ठरवशील, आणि मी ऐकेन, कारण ते सोपं आहे. आधी थोडे दिवस माझा आवाज मला ऐकायचा आहे.

तुझा निरोप किटलीला दिला. तिने अंगठा दिला. लिहिलं काही नाही.

तुझी,
रचना


एजवेअर,
८ मे २०२५

चि. रचनास,

जयभीम. तुझा बाप जेवला. दोनदा वाढून घेतलं, मग मोरीत जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ. आता दर तासाला विचारतो, तिथे तिला कणीक मिळते का. मी म्हटलं, नॉटिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे, चंद्रावर नाही.

पत्र मी क्लबात वाचलं नाही. मालविकाने विचारलं, गोष्टीचं पुढे काय झालं. म्हटलं, चालू आहे. ती म्हणाली, बरं. मग तिने तुझ्यासाठी लिंबाचं लोणचं दिलं, बाटलीवर नाव घालून, शुद्ध. येत्या आठवड्यात पोस्टाने येईल, गळलं तर पोस्टाला बोल लाव, मला नको.

आता तुझा भाग. तू विचारलं नाहीस, तरी वाचणाऱ्याने शेरा द्यायचा असतो.

खोली लहान दिसते. हॉस्पिटलची मागची बाजू ही काय बघण्याची वस्तू आहे का. एजवेअर दोन तासांवर असताना नॉटिंगहॅममध्ये परक्या गादीवर झोपायचं मला पटत नाही. इस्त्रीचं टेबल मी एकटीने जिन्यात ओढत नेलं होतं, ते आता पुन्हा वर न्यावं लागेल. एकूण मला हा भाग आवडला नाही.

बदलू नकोस.

आजी